साच्यातलं इंग्रजी

ओईटीच्या क्लासला फी भरण्याआधी एक विचारा, पत्राचा साचा पाठ करून घेता का? हो म्हणाले तर दुसरा क्लास बघा.

ब्रिटनमध्ये नर्स व्हायचं तर बहुतेकींना आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आम्ही बऱ्याचजणी ओईटी घेतो, कारण तिथलं इंग्रजी वॉर्डातलं असतं. एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, वाचणं, ऐकणं, बोलणं यांत 350 लागतात, लेखनात 300 चालतात. एवढी सवलत असून माझं लेखनातच अडलं.

पेपरात केस नोट्स वाचायला 5 मिनिटं, पत्र लिहायला 40. शब्द साधारण 180 ते 200. सरावाला एक आजोबा होते, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी निघालेले. पत्र जायचं घरी येणाऱ्या नर्सला. क्लासच्या साच्यात ‘पूर्वीचे आजार’ असा एक परिच्छेदच होता, म्हणून जुनं अपेंडिक्स त्यात ऐसपैस बसलं आणि टाके कधी काढायचे ते शेवटच्या ओळीत कोंबलं गेलं. दारात उभ्या राहिलेल्या त्या नर्सला अपेंडिक्सचं काय करायचंय? नोट्स मुद्दाम जास्तीच्या देतात. काय गाळलं तेही तपासतात.

दुसरं दुखणं आपल्या बोलण्यातच आहे. ‘चार नंबरचा पेशंट स्टेबल आहे, कॅथेटर काढलाय, रात्री दोनदा व्हॉमिटिंग झालं, सरांना कळवलंय.’ वस्तू सगळ्या इंग्रजी, क्रियापदं मराठी. त्यामुळे इंग्रजी येतंय असं वाटत राहतं आणि अख्खं वाक्य म्हणायची वेळ आली की गाडी ‘काढलाय’पाशी अडते. याद्या घोकून हे सुटत नाही. ड्यूटी संपली की तेच हँडओव्हर पूर्ण इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड करा (पेशंटचं नाव मात्र घेऊ नका). जिथं अडखळलात तेवढीच वाक्यं शोधा, उद्या पुन्हा म्हणा. कंटाळवाणं आहे, पण मला याचाच उपयोग झाला.

बोलण्याच्या परीक्षेत दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा पेशंट होतो, पण मार्क तो देत नाही. रेकॉर्डिंग ऐकून दुसरे देतात. कार्डावरची कामं उरकायची घाई नको. पेशंट म्हणाला इंजेक्शनची भीती वाटते, तर आपण लगेच ‘काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं’ सुरू करतो. तसं नको. भीती कशाची, आधी कधी त्रास झाला होता का, ते आधी विचारा. पेशंटचं म्हणणं समजून घेण्याला वेगळे मार्क आहेत. खरं तर वॉर्डातही असायला हवेत.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. मिरजेची सिस्टर मिरजेसारखीच बोलणार. शब्द गिळले नाहीत की समोरच्याला कळतं. आणि एनएमसीचे नियम अधूनमधून बदलतात. ते एजंटला विचारू नका, त्यांच्याच वेबसाइटवर वाचा. तेवढाच वाचनाचा सराव.