फोनवरची मुलाखत आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘थ्रू’ची मेख

बारावीचा किंवा टीवायचा निकाल लागला, की लालबाग-परळच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : “मार्क चांगले आहेत हो, पण इंग्रजीचं काय?” गिरगाव-दादरच्या पालकांची काळजीही वेगळी नाही. मूल मराठी किंवा सेमी इंग्रजीतून शिकलेलं असतं. व्याकरण येतं, निबंध बरा लिहितं, पण कंपनीच्या एचआरचा फोन आला की गडबडतं. मग घरचे शाळेच्या माध्यमाला दोष देतात, नाहीतर महागडा स्पोकन इंग्लिशचा क्लास शोधू लागतात. खरं तर अडचण फार थोड्या जागेत आहे. ती नेमकी ओळखली, तर रोजच्या थोड्या सरावाने दूर करता येते.

नेमकं अडतं कुठे?

समजा, फोनवर असं वाक्य आलं : “द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे. आय विल गेट बॅक टू यू विथ द टाइम.” यातला एकही शब्द मुलाला नवा नाही. पुट, ऑफ, गेट, बॅक हे सगळे प्राथमिक शाळेतले शब्द. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं आणि ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवणं, हे ठाऊक नसेल तर उमेदवार आधी ठरलेल्या दिवशीच लोअर परळच्या ऑफिसात जाऊन उभा राहतो. तिथे ‘पोस्टपोन’ म्हटलं असतं, तर त्याला लगेच कळलं असतं.

याचं कारण इंग्रजीच्या घडणीत आहे. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट हे शब्द लॅटिनच्या वळणाचे. पुस्तकांत आणि कार्यालयीन पत्रांत ते जास्त दिसतात. तोंडी बोलण्यात इंग्रजी बोलणारा माणूस साधं क्रियापद घेतो आणि त्याला अप, ऑफ, आउट, थ्रू असा छोटा शब्द जोडतो : पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इनटू. यांनाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आपलं इंग्रजीचं शिक्षण मात्र मुख्यतः लिहिण्यासाठी झालं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी कारकुनांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचा अर्ज आणि मसुदा चोख असे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी परीक्षेचा भर लिहिण्यावरच राहिला. नोकरीची वाट मात्र बदलली. एके काळी गिरणीच्या साचेखात्यात कोणाला घ्यायचं, हे जॉबर ठरवायचा. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, आणि कमला मिल कंपाऊंडसारख्या आवारांत आज ऑफिसं उभी आहेत. तिथल्या कितीतरी नोकऱ्यांची पहिली चाळणी फोनवरच लागते.

मराठी तुमच्या बाजूने आहे

फ्रेझल व्हर्ब ही आपल्याला परकी गोष्ट नाही. “सांगून टाक” म्हणताना कोणी काही टाकत नाही. “रागात बोलून गेला” म्हणताना कोणी कुठे जात नाही. “अभ्यासात मागे पडला” म्हणताना कोणी पडत नाही. शब्दाला शब्द जोडला की अर्थ बदलतो, हे मराठी मूल बोलायला लागतं तेव्हापासून जाणतं. तेच कान इंग्रजीसाठी वापरायचे आहेत.

फोनच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. आपण म्हणतो : फोन लागत नाही, उचलत नाही, कट झाला, ठेवतो. हेच शब्दशः नेलं की “आय ॲम कीपिंग द फोन” असं वाक्य तयार होतं आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. प्रत्येकाची इंग्रजी जोडी अशी : लागत नाही – ‘आय कान्ट गेट थ्रू’, उचलत नाही – ‘ही इजन्ट पिकिंग अप’, कट झाला – ‘वी गॉट कट ऑफ’, ठेवणं – ‘हँग अप’.

या शब्दांमागे जुनी यंत्रं आहेत. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. तेव्हा ऑपरेटर तारा जोडून एका ग्राहकाची लाइन दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा. तेच ‘पुट थ्रू’. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर बोलणं झालं की आकड्याला अडकवायचा. तेच ‘हँग अप’. आपलं ‘ठेवतो’ हेही रिसीव्हर जागेवर ठेवण्यातूनच आलं. शब्दामागची कृती डोळ्यांसमोर आली की पाठांतर करावं लागत नाही.

एक कॉल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

बाजारातल्या पुस्तकांत फ्रेझल व्हर्बच्या शेकड्यांनी याद्या असतात. ‘गेट’चे पंधरा अर्थ एका दमात पाठ केले, तर त्यातला एकही वेळेला आठवत नाही. त्याऐवजी एक प्रसंग घ्या आणि त्याच्या टप्प्यांप्रमाणे शिका.

– फोन कोणाला जोडून द्यायला सांगताना : “कुड यू पुट मी थ्रू टू एचआर, प्लीज?”
– थांबायला सांगितलं तर : “होल्ड ऑन, प्लीज.” म्हणजे फोन न ठेवता थांबा.
– आवाज तुटत असेल तर : “यू आर ब्रेकिंग अप.” बारीक येत असेल तर : “कुड यू स्पीक अप, प्लीज?”
– पत्ता लिहून घेताना : “लेट मी टेक दॅट डाऊन.”
– निरोप ठेवताना : “कुड यू पास ऑन अ मेसेज?”
– तारीख बदलली तर : ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलली, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणली. आपल्याकडे यालाच ‘प्रीपोन’ म्हणतात. परदेशी माणसाला तो शब्द कळेलच असं नाही.
– शेवटी : “थँक यू फॉर कॉलिंग.” ‘हँग अप’ समजायला हवं, पण मुलाखत घेणाऱ्याला “आय ॲम हँगिंग अप” म्हणू नका. ते तुटक वाटतं.

नोकरीच्या बोलण्यात आणखी तीन येतात. ‘टेक ऑन’ म्हणजे कामावर घेणं, ‘टर्न डाऊन’ म्हणजे नाकारणं, ‘फिल इन’ म्हणजे फॉर्म भरणं. एवढ्यावर पहिला फोन निभावतो.

दोन नियम आणि एक सवय

पहिला नियम शब्दांच्या जागेचा. मी, इट, हिम यांसारखी सर्वनामं बहुतेक वेळा मध्ये येतात : “कॉल मी बॅक”, “टेक इट डाऊन”. “कॉल बॅक मी” चूक. ‘लुक आफ्टर’, ‘लुक इनटू’ या जोड्या मात्र फोडायच्या नाहीत : “आय विल लुक इनटू इट.”

दुसरा नियम, छोटा शब्द मनाने जोडायचा नाही. ‘कोप अप विथ’ सर्रास ऐकू येतं. बरोबर रूप ‘कोप विथ’.

सवय स्पेलिंगची. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. त्यामुळे एफ आणि एस सारखेच ऐकू येतात, आणि समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. आडनावाचं स्पेलिंग सांगताना “एफ फॉर फॉक्सट्रॉट”, “एस फॉर सिएरा” असं सांगायची तयारी ठेवा. कळलं नाही तर “कुड यू से दॅट अगेन, प्लीज?” विचारण्यात काहीच कमीपणा नाही. न कळता “येस सर” म्हणण्यात मात्र नुकसान आहे.

सराव कसा करायचा?

दहा बाय बाराच्या खोलीत, सगळ्यांसमोर इंग्रजी बोलायला मुलं लाजतात. मग एकाने गच्चीवर जावं, दुसऱ्याने गॅलरीत उभं राहावं आणि खराखुरा फोन लावावा. एक जण रिसेप्शनिस्ट, दुसरा उमेदवार. रोज एक कॉल, मग भूमिका बदला. संभाषण रेकॉर्ड करून ऐका. वहीत शब्द प्रसंगाप्रमाणे लिहा : फोन, मुलाखत, बँक, रुग्णालय. आठवड्याला आठ-दहा जोड्या पुरेत. शंका आली तर केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत.

पालकांना विनंती

मूल चुकीचं बोललं तर हसू नका आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. संध्याकाळी पंधरा मिनिटं टीव्ही बंद ठेवा. एवढी जागा त्याला घरात मिळू दे. क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी विचारा : एका तासात माझं मूल स्वतः किती मिनिटं बोलणार? उत्तर नीट मिळालं नाही, तर तो क्लास तुमच्या उपयोगाचा नाही. आणि मराठी शाळेत घातलं म्हणून स्वतःला बोल लावू नका. एका भाषेत विचार पक्का झालेलं मूल दुसरी भाषा शिकू शकतं. त्याला रोज बोलायला मिळालं पाहिजे, आणि चुकलं तरी घरात कोणी रागावणार नाही, एवढी खात्री वाटली पाहिजे.