खुळखुळ्याचा इशारा



सापाचे नाव काढले की आपल्याला पहिली आठवते ती एदेनबाग. तेथे सापाने एवेला फसवले, म्हणून साप म्हणजे सैतान आणि दिसला की ठेचायचा, अशी आपली समजूत पक्की झाली आहे. पण त्याच बायबलमध्ये गणना या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात वाळवंटातला दुसरा साप भेटतो. सर्पदंशाने माणसे मरू लागली तेव्हा मोशेने पितळेचा साप खांबावर उभारला आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले. पुढे प्रभू येशूने आपल्या क्रुसाविषयी बोलताना याच सापाचा दाखला दिला (योहान 3:14). म्हणजे सापाकडे पाहण्याची एकच रीत पवित्र शास्त्र शिकवत नाही.

आजच्या पाठात आपण बायबलच्या भूमीत नसलेल्या एका सापाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेला साप. तो फक्त अमेरिका खंडांत, कॅनडाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत आढळतो. अमेरिकेच्या एकट्या अॅरिझोना राज्यात त्याच्या 13 जाती आहेत.

त्या वाळवंटाशी आपले नाते

अॅरिझोनाचा दक्षिण भाग आणि मेक्सिकोचा सोनोरा प्रांत येथे सोनोरन वाळवंट पसरले आहे. 1687 साली फादर युसेबियो किनो हे येशूसंघीय मिशनरी तेथे पोहोचले. त्यांचा जन्म 1645 साली उत्तर इटलीत झाला. तरुणपणी मोठ्या आजारातून बरे झाल्यावर त्यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरील भक्तीमुळे आपल्या नावात ‘फ्रान्सिस्को’ हे नाव जोडले. 1692 मध्ये आजच्या टूसॉन शहराजवळील बाक या आदिवासी वस्तीला त्यांनी भेट दिली आणि तिलाही याच संताचे नाव दिले. ज्या संताचे शरीर जुन्या गोव्यात आहे, त्याचे नाव अशा रीतीने निवडुंगांच्या रानात जाऊन पोहोचले. तेथील आजचे पांढरे चर्च 1783 ते 1797 या काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी बांधले. त्याच्या दर्शनी भागावर एका बाजूला मांजर आणि दुसऱ्या बाजूला उंदीर कोरला आहे. मांजराने उंदीर पकडला की जगाचा अंत होईल, असे तेथील लोक गमतीने म्हणतात. 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी फादर किनो यांना ‘पूजनीय’ हा दर्जा दिला.

खुळखुळा कशासाठी?

आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचा हा खुळखुळा असतो. त्याच्या आत मणी किंवा खडे नसतात. पोकळ कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि शेपटी हलली की त्या एकमेकींवर आपटतात. पिल्लाला जन्मतः एकच बोंड असते. प्रत्येक वेळी कात टाकताना एक कडी वाढते. वर्षातून अनेकदा कात पडते आणि जुन्या कड्या तुटतात, म्हणून कड्या मोजून वय सांगता येत नाही. शेपटी एका सेकंदात 90 वेळांपर्यंत थरथरू शकते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की कोणी जवळ येऊ लागले की साप आवाजाचा वेग एकदम वाढवतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला साप आहे त्याहून जवळ वाटतो आणि तो मागे सरतो.

सापाला नेमके हेच हवे असते. विष हे त्याचे पोट भरण्याचे साधन आहे. ज्या माणसाला तो गिळू शकत नाही, त्याच्यावर ते वाया घालवण्यात त्याचा काहीच लाभ नाही. “मी येथे आहे, पाय टाकू नकोस,” एवढेच तो सांगतो.

या सापाची मादी अंडी घालत नाही. ती पिल्लांना जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, त्यांच्याजवळ थांबते. पाऊस आला की हे साप अंगाचे वेटोळे पसरट करतात आणि त्यावर साचलेले थेंब पितात.

त्याचे शेजारीही शिकण्यासारखे आहेत. कांगारू उंदीर पाणी जवळजवळ पीतच नाही. कोरड्या बियांच्या पचनातून तयार होणारे पाणी त्याला पुरते. हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा दिसायला भयंकर आहे. पण त्याच्या लाळेतील एका घटकाच्या अभ्यासातून मधुमेहावरील एक्झेनाटाइड हे औषध निघाले. त्याला 2005 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

साहित्यातील साप

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची ‘माय अँटोनिया’ (1918) ही कादंबरी गवताळ प्रदेशात घडते. तिच्यात जिम हा मुलगा फावड्याने मोठा रॅटलस्नेक मारतो आणि शूरवीर ठरतो. नंतर मात्र तोच सांगतो की साप म्हातारा आणि सुस्त होता.

याच लेखिकेच्या ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ (1927) या कादंबरीचा नायक सांता फेचे पहिले आर्चबिशप लामी यांच्यावरून घेतला आहे. पेकोस गावचे आदिवासी एक महासाप पाळतात, अशी कुजबुज त्या नायकाच्या कानी येते. आपल्याला तो साप पानांवर कोठेच दिसत नाही. दिसते ती परक्या लोकांविषयीची भीती, आणि ती अफवेवरच वाढते.

एडवर्ड अॅबी हे यूटा राज्यातील राखीव क्षेत्रात रखवालीचे काम करीत. ‘डेझर्ट सॉलिटेअर’ (1968) मध्ये त्यांच्या राहत्या घराखालीच रॅटलस्नेक निघतो. त्यांच्याही हातात फावडे येते. पण त्याने ते सापाला न मारता घरापासून दूर हाकलतात.

दोघांच्या हातात एकच हत्यार होते. आपण ते कशासाठी वापरतो, हा प्रश्न ही दोन पुस्तके आपल्यापुढे ठेवतात.

आपल्या शिवारातले इशारे

खुळखुळा आपल्याकडे नाही, पण इशारा आहे. फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते. नाग फणा काढतो. मण्यार मात्र आवाज करीत नाही आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते.

अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि सुमारे पाच जण दगावतात. भारतात 2000 ते 2019 या काळात दर वर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतील, शेतावर राबणारी माणसे होती. म्हणून रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये, पेंढ्यात किंवा लाकडांच्या ढिगात आधी काठी फिरवावी आणि जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झाल्यास तो अवयव हलवू नये. घट्ट दोरी बांधणे, चिरणे, चोखणे, भगताकडे नेणे यांत वेळ घालवू नये. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते, कारण आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते.

हे प्रतिविष घोड्यांना थोडे थोडे सर्पविष टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिकारक द्रव्यापासून करतात. ज्याने दंश केला त्याच्यापासूनच औषध मिळते. मोशेच्या खांबाकडे पाहताना ही गोष्टही मनात ठेवण्यासारखी आहे.

कुटुंबात चर्चेसाठी

1. गणना 21:4-9 एकत्र वाचा. लोकांना सापाकडे पाहण्यास का सांगितले असेल?
2. आपल्या घरी साप निघाला तर काय करायचे, हे मुलांसह सर्वांना माहीत आहे का? जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष मिळते, याची या आठवड्यात चौकशी करा.
3. न पाहता, नुसत्या ऐकीव गोष्टींवरून आपण कोणाची भीती बाळगतो?