चोडणची पाखरं बघायला निघालास तर

भाचेबुवा, गोव्यातले किनारे तू बघशीलच, त्यासाठी मामाची गरज नाही. पण एक सकाळ चोडणसाठी राखून ठेव. मांडवीतलं हे बेट पणजीपासून हाकेच्या अंतरावर, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली जाहीर झालं, पण आकाराने जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत एकाने गोंधळ घातला की सगळ्या पाखरांना कळतं. म्हणून निघण्याआधी हे वाच. तुझ्या मामीच्या सूचनांपेक्षा कमीच भरेल.

1. आधी तिथी बघ, मग दिवस ठरव. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे सहाएक तासांनी, दहाच्या आसपास ओहोटी – आणि चिखल उघडा पडला की पाखरं जेवायला उतरतात. पक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घे.

2. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा – तेव्हा उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात. पावसाळ्यात गेलास तर स्वागताला डास येतील, आणि ते कुणालाच उपाशी परत पाठवत नाहीत.

3. रायबंदरच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट पकड, आणि चढता-उतरताना गावच्या माणसांना आधी वाट दे – आपली सहल असते, त्यांचा कामाचा दिवस असतो.

4. कपडे मळखाऊ घाल, मातकट नाहीतर शेवाळी. तो नवा पांढरा शर्ट लग्नाला ठेव – पक्ष्यांची नजर तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट असते आणि भडक रंग त्यांना लांबूनच कळतो.

5. फाटकावर तिकीट काढ, कॅमेऱ्याचे नियम विचार आणि रखवालदाराशी दोन शब्द गोड बोल – आज सकाळी खंड्या कुठल्या फांदीवर बसला होता, हे पुस्तकात नसतं, त्याला ठाऊक असतं.

6. आवाज खाली, पाय हळू. उडालेला बगळा फोटोत शोभतो, पण उपाशी राहतो – चिखल उघडा असतो तेवढेच तास त्यांच्या जेवणाचे, आणि पाहुण्यांना परतीच्या लांब प्रवासासाठी याच जेवणावर अंगात चरबी साठवायची असते.

7. बांधलेली वाट सोडून खाली उतरू नकोस. चिखलातून बोटभर वर आलेले ते खुंट म्हणजे खारफुटीची श्वसनमुळं – खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड तिथून श्वास घेतं. तुझ्या एका पावलाखाली बरीच मोडतात.

8. चिखलाकाठी एका जागी गप्प बस. आधी काहीच दिसणार नाही. मग एकेका बिळातून खेकडे डोकावतील, नर आपला एकच भलामोठा नांगा वर-खाली हलवील, आणि शेजारी निवटा परांवर जोर देत चिखलातून पुढे सरकेल – पाण्याबाहेर तो ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. चालणाऱ्याला झाडं दिसतात, बसणाऱ्याला वस्ती दिसते.

9. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नकोस – त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. बिचारा दाणापाणी सोडून भांडायला येतो आणि समोर तू.

10. पोटपूजा फेरीबोटीत चढण्याआधीच उरक. सांडलेल्या फरसाणावर कावळे आणि कुत्री जमतात – आणि फरसाण संपलं की ती दुसऱ्याची अंडी-पिल्लं शोधतात.

11. पाण्याची बाटली घरची ने, आणि खाऊची वेष्टनं निघण्याआधीच काढून टाक. ओहोटीला पडलेली पिशवी भरतीबरोबर मांडवीत जाते, तिथून समुद्रात – खिशात राहिलेला कागद मात्र कुणाच्या पोटात जात नाही.

12. होडीने फिरायचं तर भरतीच्या वेळेला, वनखात्याची परवानगी असलेल्याच होडीतून. ‘हळू घ्या, घाई नाही’ हे नावाड्याला निघतानाच सांग – वेगाच्या लाटा काठावर आपटून माती ढासळते आणि कडेची पाखरं उठतात.

13. होडीतून हात पाण्यात सोडू नकोस. जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत – आणि मगरीला वनखात्याच्या हद्दी वाचता येत नाहीत.

14. पीस, शंख, वाळकं लाकूड, काही म्हणून उचलू नकोस – 1972 च्या वन्यजीव कायद्याचा धाक आहेच, शिवाय रिकामा वाटणारा शंख उद्या एखाद्या खेकड्याचं घर होणार असतो. आठवण म्हणून तिकीट आणलंस तरी पुरे.

15. पाणमांजर किंवा घरटं दिसलं तर फोटो जरूर काढ, पण नेमकी जागा सगळ्या गटांवर त्याच दिवशी टाकू नकोस – दुसऱ्या सकाळी तिथे पाखरं कमी आणि मोबाईल जास्त होतील.

16. चोडण म्हणजे नुसतं अभयारण्य नाही, गाव आहे. खाजण शेतांच्या बांधावर गाडी चढवू नकोस आणि मानशीच्या दारांना हात लावू नकोस – खारं पाणी शेतात शिरणार की नाही, हे ती दारंच ठरवतात. एक भरती आत आली तरी त्या शेतकऱ्याचं भाताचं पीक जाऊ शकतं.

17. मनासारखं काही दिसलं नाही तर पाखरांवर रुसू नकोस – त्यांनी तुला बोलावलं नव्हतं. दुसरी तिथी बघ आणि पुन्हा जा.

आणि परत आल्यावर किती जाती बघितल्या याची यादी मला वाचून दाखवू नकोस. माझ्यामुळे एकही पाखरू जेवणावरून उठलं नाही, एवढं छातीठोकपणे सांग. मग पुढच्या वेळी मामा स्वतः बरोबर येईल, आणि फेरीपलीकडचा चहाही त्याच्याच खर्चाने.