प्रदर्शनांचीं स्मरण-लेबलें

तिकिटांच्या आल्बमांत कधीं कधीं असा एक कागद आढळतो कीं, त्याला दांते आहेत, पाठीला डिंक आहे, रंग सुबक आहे, एखाद्या नगराचें नांव व सालही आहे; परंतु किंमत मात्र त्यावर कोठेंच छापलेली नाहीं. नवखा विद्यार्थी तो पाहून गोंधळतो, आणि थोडा अधिक जाणता सोबती त्यास सांगतो, 'हें खरें तिकीट नव्हे, टाकून दे.' या सल्ल्याविषयींच आम्हांस आज आपल्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. सल्ल्याचा पहिला भाग अगदीं बरोबर आहे. दुसरा भाग मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पहिला भाग आधीं पाहूं. टपालाचें तिकीट म्हणजे सरकारनें आगाऊ घेतलेल्या पैशाची पावती होय. तिकिटावरील आकडा हा सरकारनें दिलेला शब्द आहे. त्या शब्दावर विसंबून टपालवाला आपलें पत्र रानावनांतून नेऊन पोंचवितो. लेबलाच्या पाठीशीं असा शब्द नसतो. क्षयरोगनिवारणासाठीं शाळाशाळांतून विकलीं गेलेलीं टी. बी. सीलें पालकांपैकीं पुष्कळांस आठवत असतील. तीं पाकिटावर कितीही चिकटविलीं, तरी तिकिटावांचून पत्र बैरंगच जावयाचें. तिकिटांचें प्रदर्शन भरविणारी मंडळी जीं लेबलें छापून घेतात, तींही याच जातीचीं. प्रदर्शन भरण्यापूर्वी तीं पत्रांच्या पाठीवर लावून वार्ता दूरदूर पोंचविली जाते. प्रदर्शन चालू असतां तीं आठवणीदाखल विकलीं जातात. आणि विक्रीचे जे चार पैसे येतात, तेवढाच सभागृहाच्या भाड्यास हातभार लागतो.

मग टपालाच्या कामीं न पडणाऱ्या कागदासाठीं माणसें पैसे कां देतात? या प्रश्नाचें एक जुनें उत्तर इंग्लंडांत सांपडतें. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार जगांतील पहिलें चिकटविण्याचें तिकीट, एक पेनी किंमतीचें, ६ मे १८४० पासून वापरांत आलें. पेनी-टपालास ५० वर्षें झालीं तेव्हां, १८९० च्या जुलैच्या २ तारखेस, लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथें मोठा समारंभ झाला व त्यासाठीं एक खास पाकीट काढण्यांत आलें. टपालापुरतें त्या पाकिटाचें मोल एक पेनी. पण तें विकलें गेलें एका शिलिंगास, म्हणजे बारा पेन्सांस! वरचे पैसे टपालखात्यांतील गरजू नोकर व त्यांचीं कुटुंबें यांच्या साहाय्यनिधीकडे वळविण्याचें ठरलें होतें. घेणारानें एक पेनी टपालासाठीं दिला आणि उरलेले अकरा कांहीं धर्मासाठीं, कांहीं आठवणीसाठीं दिले. हें पाकीट लेबल नव्हतें हें खरें. परंतु आठवणीचेंही मोल देणारीं माणसें आहेत, ही गोष्ट त्यानें पुरती सिद्ध केली.

पुढें पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत जर्मनी व आसपासच्या देशांत जाहिरातींच्या रंगीत लेबलांचें एक वेडच पसरलें. चॉकलेटापासून यंत्रांच्या प्रदर्शनापर्यंत सर्व कांहीं या लहानशा कागदांवर येऊं लागलें, आणि मुलें त्यांचे आल्बम भरूं लागलीं. तिकिटांच्या प्रदर्शनांचीं लेबलें याच कुटुंबांतलीं; पण त्यांच्यांत एक विशेष आहे व तो विद्यार्थ्यांनीं भिंग घेऊन पाहण्यासारखा आहे. ज्या कारखान्यांत नोटा व तिकिटें छापलीं जात, तेथील कारागिरांस आपली कला जाणत्या लोकांपुढें मांडण्यास तिकीट-प्रदर्शनाइतकी उत्तम जागा दुसरी कोणती असणार? म्हणून कित्येक लेबलें कोरीव छपाईचीं आहेत. या छपाईंत पोलादाच्या पत्र्यावर चित्र रेघारेघांनीं कोरतात, त्या खांचांत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि मग ओलसर कागद इतक्या जोरानें दाबतात कीं, खांचेंतली शाई कागदावर उचलून येते. अशा लेबलावरून नख अलगद फिरवावें. रेघा किंचित् उंच लागतात. साध्या छपाईचें लेबल सपाट लागतें. केवळ बोटांनीं ओळखतां येणारा हा भेद एकदां कळला म्हणजे खिशांतील नोटेकडेही विद्यार्थी निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतो.

कधीं कधीं तर लेबल सरकारास चार शब्द सुनावतें. पांचव्या जॉर्जचीं १९११ सालीं निघालेलीं ब्रिटिश तिकिटें लोकांस आवडलीं नाहींत. त्यांवर बरीच टीका झाली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळीं 'आयडियल स्टँप', म्हणजे आदर्श तिकीट, या नांवाचें एक लेबल निरनिराळ्या रंगांत छापण्यांत आलें. कोरीव छपाईनें केवढें काम साधतां येतें याचा तो नमुना होता. टीका करून न थांबतां नमुना करून दाखविणें, ही रीत आम्हांस तरी फार आवडते.

लेबलाच्या शेजारीं आणखी दोन वस्तु येतात, आणि त्यांची गल्लत होऊं देऊं नये. एक म्हणजे प्रदर्शनाचा खास शिक्का, जो टपालखातें त्या जागीं, तेवढ्याच दिवसांपुरता वापरतें. दुसरी म्हणजे स्मरणपत्रक, ज्याला तिकिटें जमविणारे 'मिनिएचर शीट' म्हणतात. त्यांतील तिकिटें खरीं, किंमतीचीं, सरकारचीं; भोंवतालच्या समासांत मात्र प्रदर्शनाचें नांव असतें. अमेरिकेनें १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठीं असें पहिलें पत्रक काढलें. त्यांत २ सेंटांचीं २५ तिकिटें होतीं, व समासांत १६ ते २३ ऑक्टोबर या तारखा होत्या. फ्रान्सनें १९२५ सालीं पॅरिसच्या, १९२७ सालीं स्ट्रासबुर्गच्या व १९३७ सालीं पुन्हां पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं पत्रकें काढलीं. बर्लिन (१९३०) व व्हिएन्ना (१९३३) हीं नगरेंही मागें राहिलीं नाहींत.

ब्रिटनचें टपालखातें मात्र या बाबतींत फार सावकाश चाललें. तिकिटाची जननी जी भूमि, तिनें आपलें पहिलें स्मरणपत्रक काढलें तें १९७८ सालीं! त्यांतील चार तिकिटांची किंमत ४३½ पेन्स, व विक्री ५३½ पेन्सांस. वरचे दहा पेन्स १९८० च्या लंडन-प्रदर्शनाच्या खर्चासाठीं. तोंपर्यंत लंडनमध्यें भरलेल्या प्रदर्शनाची आठवण घरीं न्यावयाची, तर सरकारी पत्रक मिळत नसे. लेबल आणि शिक्का यांवरच भिस्त ठेवावी लागे. जेथें सरकार गप्प राहिलें, तेथें हौशी मंडळींचें लेबल बोललें. आणि म्हणूनच तें टाकून देऊं नये असें आम्ही म्हणतों.

आपल्या देशापुरतें सांगावयाचें तर, सर्व हिंदुस्थानांत चालणारीं पहिलीं तिकिटें १८५४ सालचीं. त्यांच्या शताब्दीनिमित्त १९५४ सालीं नवी दिल्ली येथें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, व चार स्मारक तिकिटें निघालीं. भारताचें पहिलें स्मरणपत्रक १९७३ च्या 'इंडिपेक्स' प्रदर्शनाचें. आणि २०११ च्या 'इंडिपेक्स'मध्यें तर महात्मा गांधींचें शंभर रुपयांचें तिकीट चक्क खादीच्या कापडावर छापलेलें निघालें.

आतां एका प्रदर्शनापाशीं आम्ही थोडे अधिक थांबतों. ६ मे १९४० रोजीं तिकिटास शंभर वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. त्यासाठीं लंडनमध्यें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविण्याचा बेत होता. परंतु १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि तो बेत मोडला. देशोदेशींचे संग्रह समुद्रावरून आणावयाचे कसे? तरीही शताब्दीचा दिवस रिकामा जाऊं द्यावयाचा नाहीं असें मंडळींनीं ठरविलें, आणि लँकेस्टर हाउस येथें ६ ते ११ मे या सहा दिवसांत, रेडक्रॉसच्या साहाय्यार्थ, लहान प्रमाणावर प्रदर्शन भरविलें. टपालखात्यानें त्याच ६ तारखेस राणी व्हिक्टोरिया व राजा सहावा जॉर्ज यांचे मुखवटे शेजारीं शेजारीं असलेलीं तिकिटें काढलीं. प्रदर्शनाच्या खास शिक्क्यांत रेडक्रॉसचें नांव होतें.

आतां तारखा पाहा. प्रदर्शनाच्या पांचव्या दिवशीं, १० मे रोजीं पहांटे, जर्मन सैन्य हॉलंड, बेल्जम व लक्झेंबुर्ग यांत शिरलें. त्याच दिवशीं संध्याकाळीं चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला व चर्चिल मुख्य प्रधान झाले. दुसऱ्या दिवशीं प्रदर्शन संपलें. इतिहासाच्या पुस्तकांत १० मे १९४० ही तारीख रणगाड्यांच्या व विमानांच्या वर्णनानें भरलेली असते. त्या दिवशींचा प्रदर्शनाचा शिक्का असलेलें एखादें पाकीट हातीं आलें, तर त्याच तारखेची दुसरी बाजू दिसते. कोणी एक मनुष्य त्या दिवशीं लँकेस्टर हाउसमध्यें गेला, जुन्या पेनी तिकिटांपुढें उभा राहिला, जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं त्यानें आपले पैसे दिले आणि घरच्या माणसांस पत्र टाकलें. त्याचें नांव कोठल्याही इतिहासांत येणार नाहीं. पाकिटाच्या कोपऱ्यांतील शिक्का आणि पाठीवर कोणीं हौसेनें चिकटविलेलें लेबल, एवढाच त्याचा पुरावा.

आणि हा पुरावा किती नाजूक आहे! सरकारी तिकिटाची नोंद सरकारच्या दप्तरांत असते, तिकिटांच्या सूचींत त्याला क्रमांक असतो, हजारों संग्रहांत त्याच्या प्रती असतात. लेबलाचें तसें नाहीं. तें छापणारी मंडळी कधींच मोडून गेलेली असते, किती प्रती छापल्या हें कोठें लिहिलेलें नसतें, आणि मोठमोठ्या सूचींत त्याला बहुधा जागा मिळत नाहीं. अशा उपेक्षित कागदांना तिकिटें जमविणारांनीं नांवही मोठें गोड दिलें आहे : 'सिंडरेला'. घरांतलीच मुलगी, पण चुलीपाशीं बसविलेली, समारंभास न नेलेली, अशा त्या गोष्टींतील मुलीचें हें नांव. १९५९ सालीं ब्रिटनमध्यें या नांवाचें संग्राहकांचें मंडळच निघालें, तेव्हांपासून त्यांच्या अभ्यासास थोडी शिस्त आली. तरीही कित्येक लेबलांची नोंद कोणा एका गृहस्थाच्या वहीबाहेर कोठेंच नसेल.

म्हणून जमविणारानें प्रथम वही धरावी, मग चिमटा. लेबल हातीं येतांच तें कोठून, कोणाकडून व कोणत्या दिवशीं मिळालें हें लिहून ठेवावें. लेबलाच्या पाठीवर लिहूं नये. आल्बमच्या पानावर, शिसपेन्सिलीनें लिहावें. पाकिटावर चिकटलेलें लेबल पाण्यांत भिजवून सोडविण्याचा मोह अगदीं आवरावा. एक तर त्यांच्या कित्येक शाया पाण्यांत फुटतात, आणि दुसरें म्हणजे पाकिटापासून वेगळें झाल्यावर त्याची साक्ष अर्धी नाहींशी होते. ज्या पाकिटावर टपालाचा शिक्का थोडा तिकिटावर व थोडा लेबलावर पडला आहे, तें सर्वांत मोलाचें. कारण लेबल त्याच दिवशीं तेथें होतें हें त्यावरून ठरतें. मात्र शिक्क्यांतील तारीख व लेबलावरील तारखा ताडून पाहाव्या. प्रदर्शन मे महिन्यांतलें आणि शिक्का पुढच्या वर्षाचा, असें दिसल्यास लेबल मागाहून लावलें असावें अशी शंका घ्यावी. जुनें आहे म्हणून मोठी किंमत सांगणाऱ्या विक्रेत्यासही हाच प्रश्न विचारावा. बहुतेक लेबलें स्वस्त असतात, व तीं स्वस्तच घ्यावीं.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आज घरीं हातानें लिहिलेलें पत्र क्वचितच येतें, आणि जुन्या पेटींतील पाकिटें दिवाळीच्या सफाईंत रद्दींत जातात. रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं त्यांच्या पाठी एकदां मुलांस पाहूं द्याव्या.

नव्यानें आरंभ करणारास परदेशीं पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या राज्यांत 'महापेक्स' या नांवानें तिकिटांचीं प्रदर्शनें भरत आलीं आहेत. अशा ठिकाणीं गेल्यास आधीं चौकशी करावी कीं, लेबल काढलें आहे काय. असल्यास दोन घ्यावीं. एक कोरें आल्बमांत ठेवावें. दुसरें, पुरेसें तिकीट लावलेल्या पाकिटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यांत चिकटवावें, तिकिटाच्या जागीं कदापि नव्हे. आणि त्यावर आपलाच पत्ता घालून, त्या दिवशींचा शिक्का तेथील टपालाच्या टेबलावर मारून घेऊन तें टपालांत टाकावें.