आयुष्याची आंखणी : चार संध्याकाळांचा अभ्यास



मृगाची पहिली सर आली कीं तिफण जुंपावी असें कोणास वाटत नाहीं? परंतु कृषितज्ज्ञ सांगतात कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरूं नये. घाई करणारास पुष्कळदां दुबार पेरणी करावी लागते. शेताविषयीं आपण इतका विचार करतों. पण मुलांचें शिक्षण, लग्नकार्य, कर्ज हीं आयुष्याचीं मोठीं कामें मात्र कोणी आग्रह केला म्हणून, किंवा अडचण दारांत आली म्हणून, आपण एका रात्रींत ठरवितों.

ह्याचें फळ आपल्या परभणी जिल्ह्यांत डोळ्यांपुढें आहे. दिवाळीच्या सुमारास किती तरी जोडपीं ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतली, म्हणजे पुढील पांच-सहा महिन्यांचे श्रम आधींच विकले गेले. ती फिटली नाहीं, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आणि मूल बरोबर गेलें, तर त्याची शाळा सुटते. गरिबी हें ह्याचें मूळ आहेच, व तें कागदावर लिहिल्यानें नाहींसें होत नाहीं. तथापि उचल कशासाठीं व किती, हें ज्या घरांत आधीं ठरलें आहे, तें घर मुकादमापुढें डोळे उघडे ठेवून उभें राहतें.

कोणी म्हणतील, उद्यांचा विचार आपण कां करावा? पण काळजी निराळी व तजवीज निराळी. काळजी तेंच तें मनांत घोळवीत बसते. तजवीज एकदां ठरवून कामास लागते. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज करणाऱ्या मनुष्याचा दाखला (लूक, अध्याय १४) सर्वांस ठाऊकच आहे.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण पाहा. सन १८८३ मध्यें त्या इंग्लंडास व सन १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं बालशिक्षणाची पद्धति अभ्यासिली, पुस्तक लिहिलें, व विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें मदत देणारी मंडळी उभी केली. मग मार्च १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन उघडलें. दहा वर्षांची मदत कधीं तरी संपणार, हें ओळखून त्यांनीं केडगांव येथें फळबागेसाठीं जमीन घेतली. पुढें सन १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्याच जागीं शेंकडों निराधार मुलींस आसरा मिळाला. दुष्काळ त्यांच्या आंखणींत नव्हता. परंतु आंखणी होती म्हणून दुष्काळाच्या वेळीं पाय ठेवावयास जागा होती.

आतां अभ्यासाचा क्रम सांगतों. दर आठवड्यास एक संध्याकाळ, नवराबायकोनें एकत्र बसून, एक वही घेऊन तो करावा. लिहितां येत नसेल त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावें.

पहिली संध्याकाळ : माती पाहणें. माती परीक्षणासाठीं शेताच्या एकाच कोपऱ्यांतील माती चालत नाहीं. आठ-दहा ठिकाणची घेऊन मिसळावी लागते. तसेंच एका चांगल्या वा वाईट दिवसावरून स्वतःची पारख करूं नये. मागील आठवड्याचे सातहि दिवस आठवून वेळ कोठें गेला व पैसा कोठें गेला, तें लिहावें. येथें कोणास दोष देऊं नये. फक्त खरें लिहावें.

दुसरी संध्याकाळ : ओझें व बळ. एका बाजूस टाळतां न येणाऱ्या जबाबदाऱ्या लिहाव्या : वृद्ध आईबाप, देणें, मुलें. दुसऱ्या बाजूस आपलें बळ लिहावें : हातचें कसब, जनावरें, शेजार, गांवांतील पत.

तिसरी संध्याकाळ : एक मुख्य हेतु. “मुलीला शिकवावें” ही इच्छा झाली. “दोन वर्षें तिची शाळा बुडूं द्यायची नाहीं, आम्ही तोडीस गेलों तर ती आजीजवळ राहील,” हा हेतु झाला. धाकट्यांसाठीं शाळेंत हंगामी वसतिगृहाची सोय होईल काय, हें मुख्याध्यापकांस दिवाळीपूर्वींच विचारावें.

चौथी संध्याकाळ : हंगामवार वांटणी. पगारदार मनुष्य महिन्याचा हिशेब करतो. आपला पैसा मात्र पिकाबरोबर येतो. समजा, दोन वर्षांनीं मुलीच्या पुढील शिक्षणास २४,००० रुपये लागतील. दरमहा १,००० ठेवूं म्हटलें, तर श्रावणांत हात रिकामा असतो व निश्चय मोडतो. त्याऐवजीं सोयाबीन विकल्यावर ६,००० व तूर-हरभरा विकल्यावर ६,००० बाजूला काढले, तर चार सुगींत रक्कम पुरी होते. पीक बुडालें तर किती कमी ठेवूं, व मग कोणता खर्च थांबवूं, हेंहि त्याच दिवशीं लिहून ठेवावें.

पुढें वर्षांतून तीन वेळां, मृगापूर्वीं, दिवाळीस व नव्या वर्षाच्या आरंभीं, ही वही उघडावी. बेत बदलावा लागला तर लाज नाहीं. मात्र कां बदलला, हें एका ओळींत लिहावें. म्हणजे परिस्थितीनें बदलला कीं आळसानें, हें आपलें आपणांस कळेल.

उपदेशक बंधूंस विनंति कीं, हा धडा मंडळींत घेतांना कोणाची वही सर्वांसमोर वाचूं नये. घरचें घरांतच राहावें. मंडळींत फक्त पुढील प्रश्नांची चर्चा व्हावी.

१. काळजी व तजवीज ह्यांत भेद काय?
२. रमाबाईंनीं दहा वर्षें संपण्याची वाट न पाहतां काय केलें?
३. आमच्या गांवांत असा कोणता खर्च आहे, कीं जो सर्वांनीं मिळून कमी केल्यास एका घरास एकट्यानें लाज वाटणार नाहीं?