पोर कुठं आहे, हे विचारत राहा

नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी करताना एक गोष्ट पक्की कळली. गावातून पोर नेणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. तो दिवसाउजेडी वाडीवर येतो, चहा पितो, आजारपणाची चौकशी करतो आणि उठताना अडल्या बापाच्या हातावर पैसे ठेवतो.

दिवाळीची सुट्टी संपली तरी तिसरीतला एक मुलगा शाळेत येईना. घर कातकऱ्याचं, ना जमीन, ना हाताला बारमाही काम. बाप म्हणाला, "मामाकडं गेलाय." पुढच्या आठवड्यात मामाची मावशी झाली. उत्तर बदललं तेव्हा मी आईला वेगळं विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मेंढ्या वळायला दिलाय गुरुजी, वर्षाच्या बोलीवर." बदल्यात थोडे पैसे आणि एक मेंढी मिळाली होती. पोलीस पाटलांना घेऊन मी 1098 या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन केला. मुलाला शोधून बाल कल्याण समितीपुढे आणलं, तेव्हा त्याच्या पायांत काटे मोडलेले होते आणि मोठं माणूस जवळ आलं की तो अंग चोरत होता. बायकोच्या दवाखान्यापायी बाप कर्जात बुडाला होता. त्याला राक्षस ठरवून मी मोकळा होऊ शकत नाही.

हे एकाच घरात घडलेलं नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या अशाच एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर मेंढ्यांमागे राबवल्या जाणाऱ्या मुलांच्या बातम्या राज्यभर पोचल्या आणि वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले. निमित्त बदलतं, रीत तीच राहते. कुठे वीटभट्टीची उचल, कुठे शहरात घरकामाचं आमिष, कुठे लांबच्या मुलुखातलं 'हुंडा नको, खर्च आमचा' असं सांगत आलेलं स्थळ.

जागृती म्हणजे भीती पसरवणं नव्हे, हेही आपल्या राज्यानं फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 'मुलं पळवणारी टोळी' समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. व्हॉट्सअॅपवरचा असला अफवेचा मजकूर पुढे ढकलल्यानं एकही मूल वाचत नाही. संशय आला तर पोलिसांना कळवा. कुणाच्या अंगावर हात टाकू नका.

आता कामाचं सांगतो.

मूल दिसेनासं झालं की 'पाहुण्याकडं गेलंय' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या गावी, कुणाकडे, कुठल्या शाळेत, हे विचारा आणि फोनवर त्या मुलाशी बोला. काही दिवसांनी पुन्हा विचारा. आईबाप कामासाठी बाहेरगावी जात असतील, तर शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. तिथल्या शाळेत त्याला बसता येतं आणि नोंदही मागे राहते.

आईबापांना हे नीट समजावून सांगा. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असली उचल फेडण्याचं बंधनच उरत नाही. पैसे परत मागतील, या धाकानं कितीतरी घरं गप्प बसतात. तो धाक आधी काढला पाहिजे. आणि 'राजीखुशीनं दिलंय' या म्हणण्याला कायद्यात थारा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली मुलाच्या तस्करीला किमान 10 वर्षांची शिक्षा आहे, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान 14 वर्षांची.

मूल हरवलं तर लगेच पोलीस ठाणं गाठा. 'एक दिवस वाट पाहा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच बजावलं आहे. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी तक्रार घ्यावी लागते. 1098 रात्रंदिवस चालू असतो, 112 वरूनही मदत मिळते.

सुटून आलेल्या मुलाभोवती गर्दी करू नका. त्याचा फोटो, नाव कुठेही टाकू नका. कायद्यानंही त्याला मनाई आहे. 'तिथं काय काय झालं' हे चारचौघांत विचारण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून घेणारा एक मित्र वर्गात असू द्या.

आणि त्या घराची चूल पेटती राहील हे बघा. रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, रोजगार हमीचं काम नाही, अशा घराच्या दारातच दलाल येऊन बसतो. ही कागदपत्रं करून देणं म्हणजे पोराचं रक्षणच आहे.

गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या गावात ती कागदावरच असेल तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पटावरची नावं एकेक करून वाचा, प्रत्येक मूल आज कुठं आहे ते विचारा. ज्याचं धड उत्तर मिळणार नाही, त्याच्यासाठी सभा संपायच्या आत 1098 लावा.