आधी ॲप बघ, मग अक्षर वाढव

चिमे, टॅब हातात आल्याबरोबर तू डिस्प्लेच्या दोन्ही पट्ट्या उजव्या टोकाला नेऊन ठेवल्यास, हे तुझ्या स्क्रीनशॉटवरूनच कळलं. आता म्हणतेस, अक्षरं मोठी झाली पण टॅब नुसता मोठा फोन वाटतोय, मेलमध्ये डावीकडची यादी दिसत नाही, आणि एवढं करून अभ्यासाच्या पीडीएफ आहेत तशाच बारीक. परत करू का, असंही विचारतेस. अजिबात परत करू नकोस. अभ्यासिकेत तासन्‌तास हातात धरायला, बसमध्ये पटकन पिशवीतून काढायला तुझा 8.7 इंची टॅबच बरा. फक्त एवढ्याशा पडद्यावर सगळ्या ॲप्सना एकच हुकूम सोडून भागत नाही. कुठल्या ॲपमध्ये तू काय करतेस ते बघून तिथल्या तिथे बदल करायचा.

त्याआधी त्या दोन पट्ट्यांमधला फरक समजून घे, कारण सगळी गडबड तिथेच झाली आहे. फॉन्ट साइझ फक्त अक्षर वाढवते. डिस्प्ले साइझ, जिला काही टॅबवर स्क्रीन झूम म्हणतात, ती अक्षर, बटणं, चित्रं, मधली मोकळी जागा, सगळंच वाढवते. काच तेवढीच राहते, त्यामुळे तिच्यावर मावतं कमी. आणि ॲपला वाटतं, आपण लहान पडद्यावर आलो.

ॲपला असं का वाटतं, ते थोडं गणित करून दाखवते. कंटाळू नकोस, एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडेल. अँड्रॉइडवरची ॲप्स पडद्याची रुंदी नुसत्या पिक्सेलमध्ये मोजत नाहीत, डीपी नावाच्या मापात मोजतात. पडद्याच्या अरुंद बाजूचे पिक्सेल घ्यायचे, 160 ने गुणायचे आणि घनतेच्या, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल धरले आहेत त्या आकड्याने भागायचं. 2012 साली गूगलचा नेक्सस 7 आला होता, त्याचा पडदा 1280 बाय 800 पिक्सेलचा आणि घनता 213. आठशे गुणिले 160 भागिले 213 केलं की येतात 601. पुढच्या वर्षीच्या नेक्सस 7 ला अरुंद बाजूला 1200 पिक्सेल आणि घनता 320, म्हणजे बरोबर 600. हा योगायोग नाही. अरुंद बाजू 600 किंवा जास्त असली की पुष्कळ ॲप्स त्या पडद्याला टॅब समजतात आणि एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला मजकूर अशी दोन खणांची मांडणी देतात. सहाशेच्या खाली गेलीस की फोनची मांडणी.

दहा-अकरा इंची टॅब या रेषेच्या बराच वर असतो, त्याची पट्टी एखाद-दोन घरं सरकली तरी काही बिघडत नाही. छोटा टॅब मात्र रेषेलाच टेकलेला असतो. डिस्प्ले साइझ वाढवणं म्हणजे हा घनतेचा आकडाच वाढवणं. त्याच 800 पिक्सेलवर घनता 213 ची 240 केली तर उत्तर येतं 533. झालं, टॅबचा फोन झाला. तुझ्या मेलची डावी बाजू गेली ती अशी.

म्हणून डिस्प्ले साइझ मूळ जागी आण आणि तिथेच राहू दे. अक्षर हवं तर फॉन्ट साइझ वाढव, पण तीही बेताने. हे मी खास मराठीसाठी सांगते आहे. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ॲप बनवणाऱ्याने बटणाची उंची रोमन अक्षराला पुरेल इतकीच पक्की ठेवलेली असली, तर फॉन्ट मोठा केल्यावर ‘पुष्टी करा’ मधला पुचा उकार खाली कापला जातो, टीची वेलांटी वर अर्धी दिसते. इंग्रजीत ठेवलेला टॅब त्याच मापाला व्यवस्थित दिसेल, मराठीत ठेवलेला नाही. अँड्रॉइड 14 पासून फॉन्ट 200 टक्क्यांपर्यंत नेता येतो, आणि त्यात आधीच मोठी असलेली शीर्षकं लहान अक्षरांइतकी वाढत नाहीत, ही चांगली सोय आहे. तरीसुद्धा छोट्या टॅबवर मूळ मापाच्या पुढे एखाद-दोन घरं, एवढंच मला योग्य वाटतं. बाकीची वाढ ॲपच्या आत कर.

आता तुझं मुख्य दुखणं, पीडीएफ. सिस्टिमचा फॉन्ट कितीही वाढव, पीडीएफला त्याचा पत्ताच नसतो. ते छापलेलं पान आहे, तुझ्या नोट्स तर झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या, म्हणजे निव्वळ चित्र. तिथे फक्त पानाची रुंदी आणि काचेची रुंदी यांचा हिशोब चालतो. तुझ्या टॅबची काच 1340 बाय 800 पिक्सेलची, म्हणजे उभा धरलास तर रुंदी साधारण 113 मिलिमीटर. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद. पान जवळजवळ निम्म्यावर आलं, मूळचं 12 पॉइंटाचं अक्षर साडेसहा पॉइंटाचं झालं. डोळे दुखणारच. तोच टॅब आडवा धर, रुंदी होते 190 मिलिमीटर, अक्षर पावणेअकरा पॉइंटावर येतं. आता समास काप. डाव्या-उजव्या बाजूला प्रत्येकी 25 मिलिमीटर कोरी जागा असेल तर मजकूर उरतो 160 मिलिमीटर, आणि तो 190 मध्ये बसवला की कागदापेक्षाही मोठा दिसतो. उभा धरूनही समास कापलास तर साडेआठ पॉइंटाच्या आसपास येतेस, पटकन काही शोधायला तेवढं पुरतं.

त्यासाठी समास कापण्याची सोय असलेलं वाचनाचं ॲप घे. रीडइरामध्ये ती आहे. ‘लोकराज्य’चे अंक, बालभारतीची पुस्तकं, लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं तिथेच उघड. दोन रकाने असलेलं पान मात्र आडवं धरूनही नीट वाचता येत नाही असं वाटलं, तर उभं धर आणि एक रकाना काचेच्या रुंदीला येईल इतकं दोन बोटांनी मोठं कर, मग वरून खाली जा. आडवं-तिरकं सरकत बसलीस की ओळ हरवते, आणि ओळ हरवली की मनही हरवतं. अभ्यासाच्या दिवसांत हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इतकं सांगते आहे.

वृत्तपत्रांच्या ई-पेपरचंही असंच, पान हे चित्रच असतं. बातम्यांच्या ॲपमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःचा अक्षरांचा पर्याय असतो, तो वापर.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, तिथे लहान-मध्यम-मोठं असं अक्षराचं माप आहे. तिथे मध्यमच ठेव, अभ्यासगटातले लांबलचक निरोप एका पडद्यावर दिसू देत. किंडलमध्ये वरच्या ‘एए’वर बोट ठेवलंस की माप, ओळींमधली जागा, समास, सगळं तिथेच. मराठी पुस्तकाला ओळींमधली जागा थोडी जास्त ठेव, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना टेकत नाहीत. क्रोममध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली पानाचा झूम आहे. एखादं सरकारी संकेतस्थळ फोनच्या मांडणीत अर्ज नीट दाखवत नसेल तर तीन ठिपक्यांतून ‘डेस्कटॉप साइट’ चालू कर. पण सगळीकडे चालू ठेवू नकोस, नाहीतर बातमीसुद्धा मुंगीएवढी दिसायला लागेल.

आता ती ॲप्स, जी टॅब आडवा धरला तरी उभीच राहतात आणि दोन्हीकडे काळे पट्टे सोडतात. दोष टॅबचा नाही, त्या ॲपने स्वतःला फोनपुरतं बांधून घेतलेलं असतं. अँड्रॉइड 14 नंतरच्या काही टॅबवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, आणि खाली आस्पेक्ट रेशो असा पर्याय मिळतो. काही कंपन्या तो डिस्प्लेमध्ये वेगळ्या नावाने ठेवतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘फुल स्क्रीन’ टाकून बघ. तिथे त्या एकाच ॲपला पूर्ण पडदा देता येतो. एखादं ॲप ताणल्यावर वेडंवाकडं दिसलं तर त्याचं मूळ माप परत दे, बाकीच्यांना धक्का लागत नाही. आणि एक आनंदाची गोष्ट म्हणजे 2025 च्या अँड्रॉइड 16 ने हा नियमच बदलायला घेतला. त्याच्यासाठी बनवलेल्या ॲप्सना, गेम सोडून, 600 डीपी किंवा त्याहून मोठ्या पडद्यावर असं उभंच राहण्याचा हट्ट चालत नाही. बघ, पुन्हा तोच आकडा. टॅबला 600 च्या खाली जाऊ देऊ नकोस म्हणते ते याचसाठीही.

तुझ्या कुणा मित्राने सांगितलंय ना, रूट कर, टॅबच्या प्रणालीचा पूर्ण ताबा घे, म्हणजे प्रत्येक ॲपला वेगळी घनता देता येते? खरं आहे ते. नेक्सस 7 च्या काळात पॅरनॉइड अँड्रॉइड नावाची बदललेली प्रणाली हेच करायची. रोवो89 या टोपणनावाच्या विकसकाच्या एक्सपोज्ड नावाच्या साधनावर ‘ॲप सेटिंग्ज’ नावाचं मॉड्यूलही होतं. फार सुंदर काम होतं ते, आणि अँड्रॉइडने ही सोय सरळ सेटिंग्जमध्ये सगळ्यांना द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण तू यात पडू नकोस. रूट केलेल्या टॅबवर बँकेची आणि पैशांची ॲप्स बऱ्याचदा चालायला नकार देतात, वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि परीक्षा तोंडावर असताना टॅब दुरुस्त करत बसायची ही वेळ नाही.

मधला मार्ग हवाच असेल तर एक आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘स्मॉलेस्ट विड्थ’ म्हणजे तोच डीपीचा आकडा. आधी आहे तो आकडा वहीत लिहून ठेव, मगच हात लाव. पट्टीने एकदम उडी पडते, इथे 600 असं अचूक लिहिता येतं. त्या पानावरचं दुसरं काहीही बदलायचं नाही.

कीबोर्डचं पटकन सांगते. आडव्या टॅबवर तो निम्मा पडदा खातो. जीबोर्डमध्ये त्याची उंची कमी करता येते, किंवा तरंगता कीबोर्ड घेऊन कोपऱ्यात ठेवता येतो. व्याख्यान ऐकत टिपणं काढायची असतील तर टॅब उभा धरून पडदा दोन भागांत कर, वर व्हिडिओ, खाली वही. आडवा करून शेजारी-शेजारी ठेवलंस तर दोन्ही खण त्याहून अरुंद होतात.

आणि आई. तिला दुपारी कीर्तनं आणि पाककृती बघायला टॅब हवा असतो, आणि ती दर वेळी तुझं अक्षर मोठं करून ठेवते म्हणून तुमची कुरबुर होते. तिच्यावर चिडू नकोस गं, तिला खरंच दिसत नाही. तुझ्या टॅबवर ‘मल्टिपल युजर्स’चा पर्याय असेल तर तिला स्वतःचा वेगळा युजर करून दे. फॉन्टचं माप प्रत्येक युजरचं वेगळं राहतं. तिला हवं तेवढं मोठं ठेव, उकार कापले गेले तरी तिला चालतील, चार ॲप्स समोर ठेव, बाकी काही नको. शिवाय अॅक्सेसिबिलिटीत मॅग्निफिकेशन चालू कर, म्हणजे चित्रातलं बारीक अक्षरसुद्धा तिला भिंगाखाली धरल्यासारखं बघता येईल. पाककृतीतलं प्रमाण व्हिडिओवर लिहून येतं ना, तिथे फॉन्टची पट्टी काहीच करू शकत नाही, भिंगच लागतं.

आमच्या वन्संकडे आयपॅड मिनी आहे, तिथे हे सगळं फार सोपं केलंय. 2021 च्या आयपॅडओएस 15 पासून अॅक्सेसिबिलिटीत ‘पर-ॲप सेटिंग्ज’ आहे. ॲप निवडायचं आणि फक्त त्याच्यापुरतं अक्षर मोठं, ठळक, गडद करायचं. कंट्रोल सेंटरमधल्या अक्षराच्या पट्टीवरही ‘फक्त या ॲपसाठी’ असं निवडता येतं. पुढेमागे टॅब बदलायची वेळ आली तर हे ध्यानात असू दे, पण आत्ता त्यासाठी पैसे घालू नकोस.

आज रात्री एवढंच कर. डिस्प्ले साइझ मूळ जागी, फॉन्ट एक घर वर, आणि ‘लोकराज्य’चा एक अंक आडवा धरून समास कापून उघड. अर्धा तास वाच. डोळ्यांना ताण आला तर मला सांग, तेव्हा आधी दिव्याची जागा आणि पडद्याचा उजेड बघू. रविवारी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर कर, उरलेली ॲप्स आपण एकेक करून लावू. आईलाही शेजारी बसव, आणि तिला सांगून ठेव की स्क्रीन अशी घरच्यांशिवाय कुणालाही दाखवायची नाही, समोरचा बँकेचा माणूस आहे म्हणाला तरी नाही.